प्लग माझ्या हातात होता

पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि माझा हातच मागं आला. गार. हातपाय गार असले तर आपण म्हणू थंडीचे दिवस आहेत... पण पोट? दुपट्याच्या आत, माझ्या पदराच्या आत, छातीशी धरलेलं पोर, आणि पोट रांजणाच्या बुडासारखं ओलसर गार. ओठ जांभळे. रडत पण नव्हती. सकाळपासनं रडून रडून तिनं जीव नको केला होता, आणि आता मी म्हणायले, रड गं बाई, एकदा रड. तळपाय चोळले, गाल चोळले, दूध पाजायला घेतलं तर तोंड उघडंच राहिलं, दूध गालावरनं खाली मानेत गेलं. दाराला लाथा मारल्या. दाराला बाहेरनं कडी. आणि भिंतीतलं ते मशीन आपलं घुर्रर्र... घुर्रर्र... त्याच्या जाळीतनं गार वारा सरळ आमच्या दोघींच्या अंगावर.

गोष्ट अशी मधनंच सांगितली तर तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासनं सांगते.

मी चौथीपर्यंत शिकले, अळणावरजवळच्या खेड्यात. लिहायची सवय नाही, चुकलं तर संपादकसाहेबांनी सांभाळून घ्यावं. आमच्या शेजारच्या मास्तरणीबाई तुमचं मासिक वाचून झालं की मला देतात, त्यातले हे भुताखेताचे अनुभव मी वाचते आणि खरं सांगू, हसते. आमच्या शेतात वडाखाली सगळी दुपारी जायला भ्यायची, मी तिथं डबा खायची. अंगात येणं, लिंबू, बाहुली, कशावर विश्वास नव्हता माझा. आजही भूत बघितलं असं मी म्हणत नाही. मी काय बघितलं तेच मला माहीत नाही.

माझं सासर हुबळीत, केशवापुरात. एका गल्लीत आमचं लहान घर, एका बाजूला मोकळी जागा, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. घरात चारच माणसं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मामंजी म्हणजे सासरे, माझे हे आणि मी. मामंजी दाजीबानपेठेत एका मोठ्या कापडदुकानात गुमास्ता होते, आयुष्यभर वार मोजून कापड फाडलं. मग वारा गेला त्यांच्या उजव्या अंगावरनं, उजवा हात उजवा पाय गेला, आणि दमा तर आधीपासनंच होता. डॉक्टरनी सांगितलं, ह्यांना गारठा नको आणि धूर पण नको. घरात चूल नाही, शेगडी नाही, धुरी नाही, उदबत्ती पण परड्यात.

माझे हे धारवाडजवळ बेलूरला कारखान्यात हेल्पर. तिथं परदेशी साहेब राहायचे ते गेस्ट हाऊस मोडलं, त्यातलं एक मशीन ह्यांनी आणलं. भिंतीला आरपार भोक पाडून बसवायचं मशीन, अर्धं खोलीत, अर्धं बाहेर. त्याला एक बटण, निळ्याकडं फिरवलं की खोलीत गार, लालकडं फिरवलं की खोलीत गरम, आणि धूर नाही काही नाही. ह्यांनी ते मामंजींच्या खोलीच्या भिंतीत बसवलं. पुढचं तोंड मामंजींच्या खाटेकडं, आणि मागचं ढुंगण मागच्या पडवीत. जाड वायर ओढली, पॉवरचा प्लग पण पडवीतच बसवला, कारण मेन तिथनं जवळ. मागनं कोणी मशीन काढून नेऊ नये म्हणून ह्यांनी पडवीला सगळीकडनं पत्रे मारले आणि परड्याकडच्या पत्र्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली आत्याबाईंच्या कमरेला.

पहिला उन्हाळा त्या मशीननं छान काढला. मामंजी आत गारेगार, आणि मागच्या पडवीत जाळीतनं असा गरम वारा यायचा की आत्याबाईंनी पापड, सांडगे, कुरडया सगळं तिथंच वाळवलं. "उन्हाची गरजच न्हाई," असं गल्लीभर सांगायच्या. मी पण तिथं लुगडी वाळत घालायची. हे ध्यानात ठेवा, कारण आमचं सगळ्यांचं इथंच चुकलं.

कार्तिकात मी बाळंत झाले. माझी आई नाही, म्हणून माहेरी गेले नाही. मुलगी झाली. आत्याबाईंनी दवाखान्यात पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "नाक तेवढं आमच्या घरचं दिसतंय."

आता बाळंतिणीला शेक पायजे, बाजेखाली शेगडी पायजे, ओव्याची धुरी पायजे, हे तर सगळ्यांना माहीत. आणि आमच्या घरात धूर चालत नाही. मग आत्याबाई म्हणाल्या, "शेगडी कशाला? मशीनच्या मागं बाज टाका. उन्हाळ्यात तिथं पापड कडकडीत झाले, ह्या दोघी काय पापडापेक्षा वल्या हायेत?"

सगळी हसली. मी पण हसले. मला बरंच वाटलं हो. आयता शेक.

ह्यांनी पडवीत बाज टाकली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून पत्र्यांच्या फटीत पोती कोंबली, वरनं सिमेंटच्या कागदी पिशव्या चिकटवल्या. मुंगीला वाट ठेवली नाही. आणि थंडी पडली म्हणून मामंजींच्या खोलीत बटण लालकडं फिरवलं.

पहिल्या संध्याकाळीच मी म्हटलं, अहो, इथं गार वारा यायलाय.

"लाल केलंय की," हे म्हणाले. "लाल म्हणजे गरम."

"इथं हात लावून बघा."

"फटीतनं येत असंल." आणि आणखी एक पोतं कोंबलं. आईच्या पुढं हे कधी बोलत नाहीत, आणि मशीनच्या पुढं तर मुळीच नाही, कारण ते ह्यांनी स्वतः आणलेलं.

सकाळी आणि सांजेला मशीन चालायचं, मामंजींना उकडायला लागेपर्यंत. तेवढा वेळ पडवीत श्वास दिसायचा, बघा... आपल्या हुबळीत, श्वास दिसायचा. मशीनच्या मागच्या जाळीवर पांढरं पांढरं चढायचं. मी बर्फ बघितलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, पोत्यात भुश्यात गुंडाळलेला. हे तसं नव्हतं. कोणी जंगमानं जाळीला विभूती फासावी तसं. बोटानं खरवडलं तर नखाखाली पाणी झालं.

आणि मग ते मध्येच बदलायचं. आत काहीतरी खट्ट व्हायचं, फुस्स करून आवाज यायचा, मागचा पंखा थांबायचा. वारा बंद. आणि त्या पांढऱ्या जाळीतनं वाफ निघायची, भाताच्या पातेल्यासारखी, सगळी पडवी धुरकट व्हायची, ऊब यायची, खरी ऊब, तोंडाला लागणारी. पांढरं सगळं विरघळून खाली टपटप टपटप, तिथं आत्याबाईंनी घमेलं ठेवलेलं. पहिल्या वेळी मी पोरीला घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले, वाटलं फुटतंय आता. मग कळलं, हे येतं आणि जातं. चार लंगोट पिळायला लागावा एवढा वेळ, आणि परत खट्ट, परत पंखा, परत गार.

घमेल्यातलं ते पाणी आत्याबाई मला लंगोट धुवायला ठेवायला लावायच्या. "आयतं पाणी हाय, आडावर जायला नको." बोटं वाकडी व्हायची.

मी तक्रार केली तशा एकदा बघायला आल्या पण. आणि नशीब बघा माझं, आल्या त्या नेमकी वाफ निघत असताना. दारात उभ्या राहिल्या, हात पुढं केला.

"हे काय मग? हमामखाना झालाय की. हिथं गार म्हणतीस?"

"आत्याबाई, थोडं थांबा, आत्ता पंखा लागंल मग बघा..."

"मला काम हायेत शांते. तुझ्यागत मशीनपुढं लोळायला मी काय बाळंत हाय?" आणि कडी लावून गेल्या. सव्वा महिना बाळंतिणीनं देवघराकडं, स्वयंपाकाकडं यायचं नाही म्हणून घराकडच्या दाराला बाहेरनं कडी असायचीच.

आता मामंजींचं सांगते. त्या घरात माझ्याशी माणसासारखं बोलणारं ते एकटं. पण पडवीत आल्यापासनं भेट नाही, मध्ये भिंत. मशीन चालू असलं की काही ऐकू यायचं नाही. पण ते फुस्स झालं की दोन्हीकडचे पंखे थांबायचे आणि मशीनच्या पत्र्यातनं त्यांचा आवाज यायचा, असा डब्यातनं आल्यासारखा. जीभ थोडी जड झालेली, पण मला कळायचं.

"पोरी... किती वार झाली गं पुट्टी?"

पुट्टी म्हणजे कानडीत छकुली. आमचं बारसं अजून झालं नव्हतं, आत्याबाई म्हणायच्या पंचांगात दिवस नाही. मामंजींनी पुट्टी म्हटलं तेच नाव.

"अर्धा वार पण नाही हो मामंजी."

"आटलं असंल. धुतलं का गार पाण्यानं?" आणि हसायचे, मग खोकायचे, खोकला आत्याबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर पांघरूण घ्यायचे, तो पण आवाज यायचा. त्या चार लंगोटांच्या वेळात आम्ही बोलून घ्यायचो. खट्ट झालं की संपलं.

एक दिवस तेच म्हणाले, "शांते, तिकडं ऊब आली का आत्ता?"

"आली."

"हिकडं गार पडलं. पंखा थांबला की हिकडं गार पडतंय बघ, पायापास्नं चढतंय. मी निजून निजून हेच बघायलोय. हे मशीन ऊब करत न्हाई. हे फकस्त उचलतंय आणि देतंय. तुझ्याकडनं काढून मला घालतंय पोरी... आणि मधनंच थोडी परत करतंय. ही कसली लाज. नातीच्या अंगावरचं काढून मी पांघरायलोय."

मी म्हटलं, मामंजी असं बोलू नका. त्यांनी आत्याबाईंना सांगितलं असणार, कारण रात्री आत्याबाई ह्यांना मोठ्यानं म्हणायल्या, "तुझ्या बापाचं डोकं पण गेलं. मशीन बंद कर म्हणतात. दमा उसळला तर पाठ चोळायला ती चौथी पास येणार हाय?"

तो दिवस आला. त्या दिवशी धारवाडला आत्याबाईंच्या बहिणीच्या घरी साखरपुडा होता. ह्यांची दुसरी शिफ्ट. आत्याबाई दुपारीच हिरवी इरकल नेसून निघाल्या. आभाळ आलेलं, गारठा असा की गिरणीवाला पण कानाला मफलर. जाताना मामंजींच्या उशाशी तांब्या भरून ठेवला, मशीन लाल करून ठेवलं. माझ्या दारात आल्या.

"दिवेलागणीला येते. कडी घालतेय. मशीनला हात लावशील तर बघ. त्यांना काही झालं तर तुला जित्ती सोडणार न्हाई."

मी म्हटलं, आत्याबाई, पोरगी दूध ओढत नाही सकाळपासनं, गार लागतेय.

"माझी तीन अशीच होती," म्हणाल्या. त्यातले एकटे हेच जगले. कडी लावली.

मग ते सगळं झालं, जे पहिल्यांदा सांगितलं. पोट गार. तोंड उघडं. मी दाराला लाथा मारायले, ओरडायले, गिरणी चालू होती, कोणाला ऐकू जाणार. परड्याकडचा पत्रा ओढला, हात कापला, पत्रा हलला नाही. मशीन आज वाफ सोडायचं नावच घेईना. जाळी सगळी पांढरी, जाड, आतली नळी दिसत नव्हती, आणि पंखा आपला ओढतोय.

मी प्लगजवळ गेले. हात लावला नाही. आत्याबाईंना घाबरून नाही हो... पलीकडं मामंजी होते. दमा उसळला तर उठून बसायला पण त्यांना माणूस लागतं.

तेवढ्यात खट्ट झालं. फुस्स. पंखा थांबला.

"शांते," मामंजी. "का वरडायलीस?"

मी भिंतीला तोंड लावून सांगितलं. पोट गार आहे, डोळे उघडत नाही, दार बंद आहे. काय काय बोलले मला आठवत नाही.

"प्लग काढ," म्हणाले.

"मामंजी, तुम्ही..."

"मला दोन गोधड्या हायेत, घोंगडं हाय. तिला काय हाय? काढ म्हणतो. ह्याचा पंखा परत लागायच्या आत काढ."

मी प्लग काढला. दोन्ही हातांनी ओढावा लागला, दांडगा होता. मशीन थडथडलं आणि गप्प. दिवा गेला त्याच्यावरचा, तो बारीक लाल दिवा असायचा, तो गेला. प्लग माझ्या हातात होता. हे मी शंभरदा सांगितलंय घरात आणि शंभरदा सांगीन. वायर माझ्या हातात, प्लग माझ्या हातात.

मी पोरीला आतनं उघडी केली, माझ्या उघड्या अंगाला लावली आणि बाजेवर बसले. आता वारा तरी नाही म्हटलं.

आणि वाफ थांबेना.

म्हटलं आधीची राहिली असेल. तव्याला पण ऊब राहते. पण तवा निवतो की हो. हे वाढत गेलं. पंखा नाही, आवाज नाही, आणि त्या जाळीतनं ऊब अशी हळूहळू यायली, जसा कोणी माणूस तोंड जवळ आणून हाऽऽ करतोय. मशीनच्या वाऱ्याला तेलाचा, पत्र्याचा वास असतो. ह्याला नव्हता. ह्याला मामंजींच्या गोधडीचा वास होता — निलगिरीचं तेल, तंबाखू आणि जुनं कापड. पांढरं सगळं गळून घमेलं भरलं, वाहून माझ्या पायाखाली आलं, आणि ते पाणी कोमट होतं.

"आली?" मामंजींचा आवाज.

"आली. मामंजी, मशीन बंद आहे. प्लग माझ्या हातात आहे."

"बघ पोट."

पोट अजून गार. सांगितलं.

थोड्या वेळानं परत, "साकेनवा?"

साकेनवा म्हणजे, पुरे का बाई. दुकानात बायकांना कापड मोजून दाखवताना ते असंच विचारायचे, साकेनवा, का अजून हातभर सोडू. मी म्हटलं, तळपाय जरा बरे वाटतात. पोट अजून नाही.

"मग घे अजून हातभर."

मला आता कळतं, त्यांचे दात वाजत होते. तेव्हा वाटलं जीभ जड आहे. मी विचारलं, मामंजी, तुम्हाला गार लागतंय का? म्हणाले, "आभाळ आलंय न्हवं." एवढंच.

पोरीचे ओठ जांभळ्याचे तांबूस झाले. बोट हललं, माझ्या गळ्यातली पोत धरली. मी तिला सरळ जाळीपुढं धरली, पाठीकडनं, पोटाकडनं, जशी भाकरी फिरवून भाजतो. तिला घाम आला मानेला. घाम.

"साकेनवा?" आता आवाज लांबनं.

मी म्हणणार होते पुरे, आणि तेवढ्यात तिनं तोंड लावलं. ओढायला लागली. इतक्या वेळानं, जोरात. मी बोललेच नाही. बोलले असते तर सोडून दिलं असतं तिनं, असं वाटलं मला.

मग आवाज यायचा थांबला आणि टकटक सुरू झाली. मामंजींना बोलवेना झालं की ते डाव्या हातानं फुलपात्र मशीनच्या पत्र्यावर वाजवायचे. पाणी पायजे असलं तरी तसंच, कूस बदलायची असली तरी तसंच, पोट भरलं, आता नको, तरी तसंच. आत्याबाई चिडायच्या, "काय टिमकी लावलीय." टक टक. थांबून, टक टक.

मी म्हटलं, "मामंजी, लावू का परत प्लग?"

टक टक.

"लावू की नको?"

टक टक. हळू.

प्लग भोकांच्या पुढं धरून मी उभी राहिले. लावला तर मशीन चालू होणार, लाल, म्हणजे तिकडं ऊब आणि इकडं परत तो वारा. नाही लावला तर... मला काय माहीत होतं तिकडं काय चाललंय? दिसत होतं का मला? पोरगी ओढत होती, गटक गटक आवाज येत होता तिच्या गळ्यातनं. मी म्हटलं एवढी बाजू होऊ दे. ही बाजू होऊ दे, मग लावते.

टकटक थांबली. ऊब पण थांबली, अशी एकदम, जसा कोणी श्वास घ्यायचा थांबतो. पोरगी पिऊन झोपली होती, अंग गरम, छान गरम.

मग मी प्लग लावला. मशीन घुर्रर्र झालं, गार वारा आला. नेहमीसारखा. मी पोरीला घेऊन लांबच्या कोपऱ्यात, मशीनकडं पाठ करून बसले आणि हाका मारत राहिले. मामंजी. मामंजी.

दिवेलागणीला आत्याबाई आल्या. आधी मामंजींच्या खोलीत गेल्या, मग किंकाळी ऐकली मी. कडी कोणी काढली आठवत नाही, गिरणीवाल्याची बायको असेल, ती "यव्वा, एनात, एनात" म्हणजे अगं बाई, काय झालं, काय झालं म्हणत होती. मी आत गेले. मशीन तेवढा वेळ लाल चालू होतं तरी त्या खोलीत गारठ्यानं पाय ठेववत नव्हता. मामंजी मशीनकडं तोंड करून पडलेले, उजवं अंग लुळं असताना कुशीवर वळलेले कसे, देव जाणे. दोन्ही गोधड्या आणि घोंगडं अंगावर नव्हतं. मशीनच्या तोंडाला लावलेलं होतं, कोंबून, जसं आम्ही पडवीत पोती कोंबली होती तसं. अंगात नुसती बंडी. मिशांवर, भुवयांवर पांढरं, विभूतीसारखं. उशाच्या तांब्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा. तो आत्याबाईंनी पण बघितला, बोट लावून मोडला त्यांनीच.

गल्लीतले डॉक्टर आले. हात लावला आणि म्हणाले, कधी गेले? कालच का? आत्याबाई म्हणाल्या, दुपारी चहा पिऊन शिवी दिली मला, काल कसे? डॉक्टरनी आणखी दोनदा हात लावून बघितला आणि हात धुवायला गरम पाणी मागितलं.

मी सगळं सांगितलं. वेडी. नाही सांगायचं होतं. "प्लग काढलास," आत्याबाई तेवढंच धरून बसल्या. "तू बंद केलंस आणि ते गारठून गेले. सरळ हाय." मी म्हटलं, एवढ्यात माणूस गारठतं का, मग त्यांनी गोधड्या का काढल्या, कशा काढल्या, पाण्यावर बर्फ कसा? "ते मला न्हाई माहीत. काढलास का न्हाई?" काढला, म्हटलं. हे खाली बघत होते.

तेराव्यानंतर ह्यांनी स्टेशनकडचा एक फ्रीज दुरुस्त करणारा आणला. मशीन उघडलं त्यानं, मागं पडवी बघितली आणि हसायलाच लागला. "वहिनी, तुम्हाला फ्रीजमध्ये ठेवलं होतं की ह्यांनी." मग सांगितलं — मामंजी म्हणाले होते तसंच. उन्हाळ्यात आतली ऊब मागं फेकतं, थंडीत मागची ओढून आत देतं. मागं मोकळी हवा लागते. तुम्ही पोती कोंबून कोंडून घातलं, वर ओले लंगोट, मग स्वतःचाच गारठा परत परत ओढून जाळीवर बर्फ चढला. बर्फ जास्त झाला की उलटं फिरतं थोडा वेळ, आतली ऊब मागं पाठवून बर्फ वितळवतं, पाणी खाली सोडतं, मग सुलटं. सगळं बरोबर आहे, कुठं बिघाड नाही म्हणाला.

मी विचारलं, आणि प्लग काढल्यावर?

"प्लग काढल्यावर पत्र्याचा डबा. उंदरांनी पिलं घालावीत."

"प्लग काढल्यावर ऊब नाही येत?"

"वहिनी, काय कोणी हातानं ढकलणार हाय का ऊब?"

आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "एवढा फ्रीज होता म्हणतोस, मग ह्या दोघी कशा राहिल्या?" तो पण म्हणाला, "हां, ते मात्र खरं." दोघं हसली.

ह्याला वर्ष झालं. पुट्टी आता धरून उभी राहते. बारसं झालंच नाही. आत्याबाई तिला आजा खाऊन आलेली म्हणतात, तिच्या हातचा कुरमुरा घेत नाहीत, तोंड दिसायला नको म्हणून आम्ही तिघं पडवीतच राहतो. पत्रे काढून टाका म्हटलं मी. ह्यांनी पावसाळ्यापुरते राहू देत म्हणून ठेवले, ते आहेत. पोती तेवढी मी काढली. आठवड्यापूर्वी कोणीतरी परत कोंबली. मांजर येतं म्हणे.

आत्याबाईंना ह्या थंडीत खोकला धरलाय. त्या मामंजींच्या खोलीत निजायला लागल्या, त्याच खाटेवर. काल त्यांनी ह्यांना मशीन लाल करायला लावलं. मी म्हटलं, अहो. हे म्हणाले, "डॉक्टर म्हणतात ऊब पायजे. आईला काही झालं तर?" आणि शिफ्टला गेले. आत्याबाईंनी बाहेरनं कडी घातली — सवय झालीय त्यांना.

आज सांजेला मी हे लिहायला बसले आहे. जाळी पांढरी व्हायलीय. मधनं पंखा थांबतो तेव्हा मी कान देते. पलीकडनं खोकला येतो, बांगड्या वाजतात. किती वार झाली पुट्टी, असं कोणी विचारत नाही.

मघाशी पुट्टीच्या पोटावर हात ठेवला. गार नाही म्हणवत, गरम पण नाही. प्लग माझ्यापासनं हातभर लांब आहे. पुट्टी त्याच्याकडं बघते आणि हसते, आणि बोटानं बाजेजवळच्या पत्र्यावर वाजवते. टक टक. हे तिला कोणी शिकवलं नाही.

मामंजींनी आपणहून काढ म्हटलं होतं. आत्याबाई म्हणणार नाहीत. आणि मागच्या वेळी जे झालं ते परत होईल की नाही ते पण मला माहीत नाही.

तुम्ही वाचणाऱ्या सगळ्या लेकुरवाळ्या असाल, शिकलेल्या असाल. तेव्हा माझ्या जागी तुम्ही असता, पोरगी ओढायला लागली होती आणि पलीकडनं टकटक येत होती, तर तुम्ही प्लग लावला असता का? आणि आत्ता, आज, काढला असता का?